गुडघ्याची दुर्बीण : संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पन्नाशी-साठीतल्या माणसाचा गुडघा काही महिने दुखतो. एमआरआय होतो, अहवालात 'मेनिस्कस टीअर' (गुडघ्यातली गादी फाटणे) असे शब्द येतात आणि पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरते. गादी फाटली आहे, दोन छोटी छिद्रे पाडू, संध्याकाळी घरी सोडू, विम्यात बसते, एवढ्या बोलण्यावर घरातली मंडळी होकार देतात. आमच्यापैकी एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट. आम्हाला स्पष्ट लिहायचे आहे की वयोमानाने झिजलेल्या, दुखणाऱ्या गुडघ्यात दुर्बिणीने गादी छाटून किंवा सांधा धुऊन टिकाऊ फायदा होत नाही. हे गेल्या दोन दशकांत पुन:पुन्हा तपासले गेले आहे. काही मोजक्या गुडघ्यांना मात्र हेच ऑपरेशन लागते आणि वेळेत लागते. आपला गुडघा यांपैकी कोणता, हे सही करण्याआधी कसे समजून घ्यावे, यासाठी हे पत्र.

आधी ऑपरेशनमध्ये काय होते ते सांगतो. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात आणि मांडीला रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा बांधतात. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर किंवा त्याहून लहान दोन छेद घेतात. एकातून साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून कातरणारी व खरवडणारी अवजारे. सांधा सलाइनने फुगवून आतले चित्र पडद्यावर पाहतात. गादीची फाटलेली कड छाटतात, कुर्च्याचे (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचे) लोंबणारे धागे काढतात, सांधा धुतात. अर्ध्या ते एका तासाचे काम. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. सूज उतरून कामावर रुजू व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. 'एका दिवसाचे ऑपरेशन' म्हणताना हे आठवडे कोणी मोजत नाही. रोजंदारीवर असणाऱ्याला ते मोजावेच लागतात.

याचा उपयोग किती, हे शोधण्यासाठी वैद्यकात क्वचितच होतो असा प्रयोग झाला. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडला आणि तिसऱ्या गटाच्या कातडीवर फक्त छेद घेऊन ते शिवले. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत नव्हते. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला : दोन वर्षांत कधीही तिन्ही गटांच्या वेदनेत व चालण्यात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. यावर आक्षेप आला की हे झिजलेले गुडघे होते, फाटलेल्या गादीचे काय? त्याचे उत्तर २०१३ मध्ये फिनलंडमधून आले. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण, गादी फाटलेली, झीज नसलेली. निम्म्यांची गादी छाटली, निम्म्यांची छाटल्याचा केवळ देखावा केला. वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे होते. गुडघा अडकल्यासारखा वाटतो म्हणणाऱ्यांनाही छाटण्याचा वेगळा लाभ दिसला नाही. पुढे पाच वर्षांनी पाहिले, तेव्हा छाटलेल्या गटात क्ष-किरणावर झीज थोडी जास्तच आढळली.

नॉर्वेत २०१६ मध्ये ऑपरेशनची तुलना बारा आठवड्यांच्या व्यायामाशी केली गेली. दोन वर्षांनी वेदनेत फरक नव्हता, पण सुरुवातीच्या महिन्यांत मांडीची ताकद व्यायाम करणाऱ्यांची अधिक होती. या सगळ्याचा विचार करून मे २०१७ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीचे ऑपरेशन जवळजवळ कोणालाही करू नये, अशी ठाम शिफारस केली. त्या मंडळात शल्यचिकित्सकांबरोबर फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णही होते. त्यांच्या हिशेबाने शंभरांतल्या पंधरांपेक्षा कमी लोकांना तीन महिन्यांपाशी थोडासा जास्त आराम मिळतो आणि वर्षभरात तोही उरत नाही.

मग शेजारच्या काकांना ऑपरेशननंतर बरे कसे वाटले? खरोखरच वाटले असणार. झिजेचे दुखणे चढते-उतरते असते. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. तिथून ते बहुधा उतरतेच. त्यात सक्तीची विश्रांती, नंतरचे व्यायाम आणि आपल्यावर काहीतरी ठोस उपचार झाला याचा दिलासा. नुसते छेद घेतलेल्या रुग्णांनाही असेच बरे वाटले होते.

छाटून उपयोग का होत नाही, हे सांध्याच्या रचनेतून कळते. मांडीचे हाड गोल, नडगीचे वरचे टोक सपाट. दोहोंमधल्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या वजन पसरवून देतात. गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा नसतो, संवेदना देणाऱ्या नसाही तिथे नसल्यातच जमा. वय वाढते तशी ती सुकते, तडकते. वेदना येते ती मुख्यतः कुर्च्याखालच्या हाडातून, सुजलेल्या आवरणातून आणि दुबळ्या स्नायूंमुळे पडणाऱ्या ताणातून. कड छाटल्याने यातले काही बदलत नाही. उलट गादी जितकी कमी, तितका उरलेल्या कुर्च्यावरचा दाब जास्त.

एमआरआयचा अहवाल म्हणूनच जपून वाचायला हवा. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथे ५० ते ९० वयाच्या सर्वसाधारण नागरिकांचे गुडघे तपासले गेले. गादी फाटलेली आढळलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. पन्नाशीनंतर अशी चीर म्हणजे बहुतेकदा केसांतल्या पांढऱ्या बटेइतकीच वयाची खूण. अहवालात 'ग्रेड १' किंवा 'ग्रेड २ सिग्नल' लिहिले असेल, तर ती चीर नव्हेच, गादीच्या आतला बदल आहे. 'ग्रेड ३' म्हणजे रेघ पृष्ठभागापर्यंत पोहोचली आहे. अनेक घरांत 'ग्रेड २' हे 'दुसऱ्या टप्प्याचे फाटणे' समजून ऑपरेशनची तारीख घेतली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पंचेचाळिशीनंतरच्या दुखण्यात पहिली तपासणी एमआरआय नव्हे, तर दोन्ही गुडघ्यांचा उभे राहून काढलेला एक्स-रे. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यावर वजन नसते, त्यामुळे फट असते त्यापेक्षा रुंद दिसते आणि झीज लपते. चिठ्ठीवर 'स्टँडिंग' लिहिले नसेल, तर लिहून मागावे. सोबत बाजूचा आणि वाटीचा फोटो असावा. उभ्या फोटोत फट स्पष्ट कमी झाली असेल, तर एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसणार हे जवळपास ठरलेले असते, आणि त्याने उपचार बदलत नाही.

गुडघ्यात दुखते म्हणून दोष गुडघ्यातच असतो असेही नाही. खुब्याची झीज कधीकधी फक्त गुडघ्यात दुखते. उताणे झोपवून, गुडघा वाकवून पाय आत-बाहेर फिरवला की जांघेत कळ येते आणि खुबा आखडलेला कळतो. कमरेतली दबलेली नसही गुडघ्यापर्यंत कळ आणते. सांध्याच्या रेषेखाली आतल्या बाजूला तीन-चार बोटांवर दाबल्यावर नेमके दुखत असेल, तर तिथल्या स्नायुबंधांची सूज असू शकते. डॉक्टरांनी हात लावून गुडघा, खुबा, कंबर तपासलीच नसेल आणि फक्त फिल्म पाहून ऑपरेशन सुचवले असेल, तर दुसरे मत घ्यावे.

आता ज्यांनी थांबू नये त्यांच्याविषयी. पहिला प्रकार, खरोखर अडकलेला गुडघा. पाठीवर झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि दोन्ही पाय सैल सोडा. एक गुडघा पूर्ण सरळ होतो आणि दुसरा थोडा वाकलेलाच राहतो, कशानेही सरळ होत नाही, असे तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस राहिले, तर गादीचा मोठा तुकडा उलटून सांध्यात रुतलेला असू शकतो किंवा हाडा-कुर्च्याचा सुटा तुकडा अडकलेला असतो. इथे दुर्बीणच हवी. चालताना क्षणभर अडकून 'कट्' होऊन सुटणारा गुडघा यात मोडत नाही. सूज आणि वेदनेमुळेही गुडघा सरळ होत नाही, म्हणून हा फरक डॉक्टरांनी हाताने तपासूनच करावा.

दुसरा प्रकार, तरुण वयातली ताजी इजा. कबड्डीत, फुटबॉलमध्ये किंवा दुचाकीवरून पडताना पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा पिळवटतो आणि काही तासांत सुजतो. अशा ताज्या, रक्तपुरवठ्याच्या कडेला गेलेल्या फाटीला टाके घालता येतात. गादी वाचवण्याची संधी पहिल्या काही आठवड्यांतच चांगली असते. तिथे डॉक्टरांना आवर्जून विचारावे की गादी शिवणार की छाटणार.

तिसरा प्रकार आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. उकिडवे बसताना, खाली बसून उठताना किंवा जिना चढताना गुडघ्याच्या मागे एकदम आवाज होतो आणि त्या क्षणापासून पाय टेकवत नाही. गादीचे मूळच हाडापासून सुटल्याची ही खूण असू शकते. मूळ सुटले की गादी बाहेर सरकते आणि गादी पूर्ण काढून टाकल्यासारखीच अवस्था होते. सांधा अजून झिजलेला नसेल, पाय धनुष्यासारखे बाकलेले नसतील, तर निवडक रुग्णांत ते मूळ पुन्हा बांधता येते. कधी यासोबत, कधी स्वतंत्रपणे, कुर्च्याखालच्या ठिसूळ हाडाला बारीक तडा जातो. रात्रीही ठणका राहतो. तिथे एमआरआय खरोखर उपयोगी पडतो, आणि उपचार म्हणजे काठी-वॉकर घेऊन सहा ते आठ आठवडे भार कमी करणे आणि हाडांचा ठिसूळपणा तपासणे. त्या गुडघ्यात गादी छाटणे हानिकारक ठरू शकते.

आणि ताप, लालभडक गरम सुजलेला गुडघा, जरा हलवला तरी असह्य कळ, विशेषतः मधुमेह असेल किंवा नुकतेच सांध्यात इंजेक्शन घेतले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झाला असेल तर तो तातडीने धुवावा लागतो.

यांपैकी काही नसेल, तर घाई करण्यासारखे काही नाही. २०१३ मध्येच अमेरिकेत सात केंद्रांवर झालेल्या अभ्यासात आधी व्यायामाला लागलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक सहा महिन्यांत ऑपरेशनकडे वळले आणि त्यांचा शेवटचा परिणाम सुरुवातीलाच ऑपरेशन झालेल्यांइतकाच होता. म्हणजे तीन महिने व्यायाम करून पाहण्यात काही गमवावे लागत नाही.

'फिजिओ करून झाले, उपयोग नाही' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. खोदून विचारले, तर ते दहा दिवस पलंगावर पडून घेतलेला शेक आणि मशिनच्या मुंग्या असतात. त्याने तासभर बरे वाटते, स्नायू बळकट होत नाही. जे करायचे ते असे : पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून गुंडाळी दाबावी, पाच ते दहा सेकंद धरावी, दहा-पंधरा वेळा. मग सरळ पाय वीतभर वर उचलून पाच सेकंद धरावा. दहादहाचे तीन फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलावा, त्याने खुब्याच्या बाजूचे स्नायू सुधारतात आणि चालताना गुडघा आत ढळत नाही.

हे एक-दोन आठवड्यांत जमू लागले की सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम घ्यावा, खुर्चीतून उठण्याचा. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, सुरुवातीला वर दोन उशा. हात छातीशी धरून उठावे आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश बसावे. आठ ते बारा वेळा, तीन फेरे. सोपे वाटले की एक उशी काढावी, मग दुसरी. पुढे पायरी चढण्याचा व्यायाम : आधी दहा सेंटीमीटर उंचीचा पाट, नंतर नेहमीची पायरी. झोपून करायच्या व्यायामात घोट्याला अर्धा किलोची वाळूची पिशवी बांधून हळूहळू वजन वाढवावे. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. वजन आणि कठीणपणा वाढवलाच नाही, तर स्नायूही वाढत नाहीत. फिजिओथेरपीत सर्वांत जास्त चुकते ते इथेच.

व्यायाम करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखले तर चालते, मात्र चोवीस तासांत ते पूर्वपदावर आले पाहिजे. दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर फेरे कमी करावेत, बंद करू नयेत. पहिला ठळक फरक सहा-आठ आठवड्यांनी जाणवतो. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि 'फिजिओ फेल' म्हणून ऑपरेशनच्या यादीत जातात.

वजनाचे गणित थोडक्यात : एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ८० किलोच्या व्यक्तीने चार ते आठ किलो कमी केले, तर जिन्यावर फरक कळतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेघेशी येईल एवढी तिची उंची हवी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कमोड किंवा त्याची उंची वाढवणारी बैठक, पूजेला-जेवायला खुर्ची, ओट्याशी उंच स्टूल, एवढ्याने दिवसातले अनेक उकिडवे बसणे वाचते. चालणे मात्र बंद करू नये.

औषधांत आधी डायक्लोफेनॅकचे मलम, पोटात घ्यायच्या गोळ्या नंतर आणि थोडेच दिवस. रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा पोटाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर महिन्याला खर्च करू नये. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात ते नाकारले आहे, वंगणाची इंजेक्शनेही नाकारली आहेत. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देते, व्यायाम सुरू करण्यापुरते ते ठीक. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे देऊन पाहिले, तेव्हा वेदना कमी झाली नाही, कुर्चा मात्र जास्त झिजला.

ऑपरेशनचे धोके कमी आहेत, शून्य नाहीत. इंग्लंडमधल्या सुमारे सात लाख गादी-छाटणीच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा नव्वद दिवसांत गंभीर गुंतागुंत हजारात सुमारे तिघांना झाली : सांध्यातला जंतुसंसर्ग, फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी. ऑपरेशन झालेच असेल, तर पोटरी दुखून सुजणे, अचानक धाप लागणे, ताप येऊन गुडघा गरम होणे यांपैकी काहीही दिसले की पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

संमतीपत्राबाबत कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले, की उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे डॉक्टरांनी सांगायला हवे. केवळ निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्यासारख्या निकडीचा. त्यामुळे 'आत जाऊन बघू आणि लागेल ते करू' अशा कागदावर सही करू नका. काय छाटणार, काय शिवणार, काहीच सापडले नाही तर काय, हे आपल्या भाषेत लिहून घ्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा : 'मी हे ऑपरेशन केले नाही आणि तीन महिने व्यायाम केला, तर माझे काय नुकसान होईल?' प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत.

शेवटी विमा कंपन्यांना आणि विमा नियामकांना विनंती. आज बहुतेक पॉलिसी दुर्बिणीच्या ऑपरेशनचे पैसे देतात, पण भरती न होता बारा आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचे देत नाहीत. ज्यात पैसे खिशातून जात नाहीत तिकडे रुग्ण वळणार, हे उघड आहे. झिजेच्या गुडघ्यासाठी देखरेखीखालच्या व्यायामाचा खर्च मूळ पॉलिसीत घ्यावा, आणि पंचेचाळिशीपुढे गादी छाटण्याच्या मंजुरीआधी उभ्याने काढलेला एक्स-रे आणि पूर्ण केलेल्या व्यायामाची नोंद मागावी. अडकलेला गुडघा, ताजी इजा, सुटलेले मूळ आणि पू यांना अर्थातच यातून सूट असावी.

आपले,
एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट, सातारा